बत्तीस हजार पाने कोण वाचणार?

मा. मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय,
यांस,

विषय : आर्थिक गुन्ह्यांचे मोठे खटले कसे चालवावेत, याबद्दल एका साक्षीदाराची विनंती



मी मुलुंडचा. चौतीस वर्षे बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची सोळा तपासणी खात्यात. दुसऱ्यांच्या खतावण्या वाचायच्या आणि कुठे काय लपवले आहे ते हुडकायचे, हा माझा धंदा. वकिली मला येत नाही. निवृत्तीनंतर एका जुन्या कर्जघोटाळ्यात साक्ष द्यायला समन्स आले आणि न्यायालय आतून पाहायला मिळाले. ते न्यायालय कोणते, बँक कोणती, हे इथे लिहीत नाही. माझी तक्रार रीतीविषयी आहे, माणसांविषयी नाही.

पहिल्या तारखेला आरोपी क्रमांक तीनच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज होता. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. तिसऱ्या तारखेला मुद्देमालाची पेटी आली नव्हती. चौथ्या तारखेला पेटी आली, किल्ली आली नव्हती. पाचव्या तारखेला माझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा पावणेपाच वाजले होते. सहाव्या तारखेला मी एकदाचा पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलांनी एक व्हाउचर समोर धरले. "ही सही ओळखता?" "ओळखतो." ते टाइप झाले, निशाणी पडली, पुढचे व्हाउचर आले. सहावी आणि सातवी तारीख मिळून अशी एकशे ऐंशी व्हाउचरे झाली. त्यातल्या एकाही सहीबद्दल बचाव पक्षाचे काही म्हणणे नव्हते. शेवटी एकदाचा मूळ प्रश्न आला : कर्ज मंजूर होण्याआधी पैसे कोणाच्या सांगण्यावरून सोडले? तो विचारायला आणि त्याचे उत्तर द्यायला अकरा मिनिटे लागली. मी घड्याळ पाहिले होते. तपासनीसाची सवय निवृत्तीनंतरही जात नाही.

सात तारखा आणि अकरा मिनिटे. हे पत्र त्या हिशेबातून निघाले आहे. राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांवर देखरेख करण्याचा अधिकार राज्यघटनेने उच्च न्यायालयाला दिला आहे, म्हणून ते आपल्याला लिहितो आहे. पुढे उल्लेख येणारे काही खटले न्यायप्रविष्ट आहेत. कोण दोषी आणि कोण नाही, यावर मी एक शब्दही लिहिणार नाही.

माझ्या घरापासून दोन स्टेशनांवर भांडुप. तिथल्या ड्रीम्स मॉलमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे मुख्यालय होते. १९८४ मध्ये शीवला एका खोलीत सुरू झालेली ही बँक पस्तीस वर्षांत १३७ शाखांपर्यंत वाढली. २४ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी ठेवीदारांना कळले की रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आहेत आणि सहा महिन्यांत प्रत्येकाला फक्त १,००० रुपये काढता येतील. तक्रारीनुसार, बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे ६,५०० कोटी रुपये, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होते. ती थकीत खाती झाकायला २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली, असाही आरोप आहे. ज्या मॉलमध्ये बँकेचे मुख्यालय होते, तो मॉल याच समूहाने बांधलेला.

आता दोन आकडे शेजारी शेजारी ठेवतो. बँकेच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला जे पत्र लिहिले, त्यात कर्ज कोणाला दिले, का लपवले आणि कसे लपवले, हे सारे सांगितले होते. ते पत्र चार-पाच पानांचे होते. त्याचे पुरावामूल्य न्यायालय ठरवेल. त्याच वर्षी डिसेंबरात आर्थिक गुन्हे शाखेने दोषारोपपत्र सादर केले, ते सुमारे ३२,००० पानांचे. न्यायाधीशांनी दुसरे काहीही न करता रोज पन्नास पाने वाचायची म्हटली, तर ६४० दिवस लागतील. वर्षाला कामाचे सव्वादोनशे दिवस धरले, तर जवळजवळ तीन वर्षे. तेवढ्यात एकही साक्षीदार तपासला गेलेला नसेल.

तपासणी खात्यातल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. अफरातफर मुळात साधी असते. ज्याला पैसे द्यायला नको होते त्याला ते दिले, एवढीच गोष्ट. बाकीचा पसारा ती झाकण्यासाठी असतो : पंचवीस कंपन्या, एकाच पत्त्यावरचे सहा संचालक, फिरून त्याच खात्यात येणारे धनादेश. हा गुंता कोणीतरी मेहनतीने विणलेला असतो, बघणाऱ्याने कंटाळून फाइल मिटावी म्हणून. न्यायालयाने तो आहे तसा टेबलावर घेतला आणि एकेक धागा मोजत बसले, तर विणणाऱ्याचा हेतू साधतो. माझे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे. पुढच्या विनंत्या त्यातूनच निघतात.

पहिली विनंती : ज्या कायदेशीर प्रश्नावर सारा खटला उभा आहे, तो सर्वांत आधी सोडवावा.

अंधेरीतल्या एका उद्योगसमूहाने चालवलेल्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमधले व्यवहार ३१ जुलै २०१३ रोजी थांबले. सुमारे १३,००० गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी रुपये अडकले. ठेवीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला, एमपीआयडी म्हणून ओळखला जाणारा कायदा लावून मालमत्ता जप्त झाल्या. प्रश्न असा आला की एक्स्चेंज ही त्या कायद्यातली 'वित्तीय संस्था' आहे का आणि तिथे आलेले पैसे 'ठेव' आहेत का. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'नाही' म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये 'होय' म्हटले. घोटाळा उघड झाल्यापासून पावणेनऊ वर्षे एवढे ठरवण्यातच गेली की हा कायदा लागू होतो की नाही. २०२५ मध्ये उरलेल्या ५,६८२ जणांसाठी १,९५० कोटी रुपयांच्या एकरकमी तडजोडीची योजना आली आणि गुंतवणूकदारांनी मोठ्या बहुमताने तिच्या बाजूने मत दिले. थकून गेलेला माणूस मिळेल ते घेतो.

त्याच कायद्याखाली कमाल शिक्षा सहा वर्षे आहे. शिक्षेपेक्षा तिच्या उंबरठ्यावरचा वाद लांबला, हे कोणत्याही आरोपीला आणि कोणत्याही ठेवीदाराला पटवून देता येणार नाही. असे प्रश्न विशेष न्यायालयाने पहिल्या काही महिन्यांत वेगळे काढावेत, आणि त्यावरची अपिले उच्च न्यायालयात एका ठरावीक खंडपीठापुढे अग्रक्रमाने चालावीत.

दुसरी विनंती : वाद कशाचा आहे आणि कशाचा नाही, हे साक्षी सुरू होण्याआधी लिहून घ्यावे.

दिवाणी दाव्यात 'वादमुद्दे' निघतात. फौजदारी खटल्यात आरोपनिश्चिती होते, पण नेमका झगडा कुठे आहे हे कोणी विचारत नाही. माझ्या एकशे ऐंशी सह्यांवर झगडा नव्हताच. कायद्यात याची सोय आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९४ मध्ये कागदपत्रे खरी आहेत की नाहीत हे दोन्ही बाजूंना विचारण्याची तरतूद होती, पण मुदत नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३० ने कागद हाती पडल्यापासून तीस दिवसांची मुदत घातली. तज्ज्ञाच्या अहवालावर वाद नसेल, तर त्याला न्यायालयात बोलावूच नये, असेही म्हटले.

जानेवारी २०२५ मध्ये टोरेसचा घोटाळा उघड झाला. दादरपासून कांदिवलीपर्यंत थाटलेल्या दुकानांत मोइसॅनाइटचे खडे विकून आठवड्याला परतावा देण्याचे आमिष दाखवल्याचा तो आरोप. पुढच्याच महिन्यात न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोऱ्यांतले १२२ कोटी रुपये नाहीसे झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. हे दोन्ही गुन्हे नवी संहिता लागू झाल्यानंतर नोंदलेले. त्यांत कलम ३३० अक्षरशः पाळले गेले, तर ही रीत जमते की नाही ते मुंबईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. पाळले गेले नाही, तर ते कलम पुस्तकातच राहील. हे मनावर घेणे आपल्या हातात आहे.

कबूल करण्याची सक्ती आरोपीवर असू नये, हे मला मान्य आहे. त्याला गप्प राहण्याचा हक्क आहे. पण बँकेचा शिक्का खरा आहे का, एवढे विचारल्याने त्या हक्काला धक्का लागत नाही. हा प्रश्न न्यायाधीशांनी स्वतः, समोर बसवून विचारायला हवा. छापील अर्जावर 'नाकबूल' असा शिक्का मारून ती पायरी उरकली जाऊ नये.

तिसरी विनंती : ढीग नको, ढिगाचा अर्थ सांगणारा पुरावा घ्यावा.

माझा समज होता की प्रत्येक कागद न्यायालयात सिद्ध करावाच लागतो. ओळखीच्या एका वकिलांनी १८७२ च्या साक्ष अधिनियमाचे कलम ६५ दाखवले, तेव्हा मी चकित झालो. कागद इतके असतील की ते न्यायालयात सोयीने तपासता येणार नाहीत, आणि सिद्ध करायचा असेल तो साऱ्यांचा एकत्रित निष्कर्ष, तर ते तपासलेल्या जाणकार माणसाची साक्ष चालते, असे तिथे लिहिलेले आहे. नव्या साक्ष अधिनियमातही ती तरतूद कायम राहिली. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्टने बँकेच्या वहीची प्रमाणित नक्कल पुरावा म्हणून मान्य केली. म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या काळात कायदा करणाऱ्यांना जे सुचले होते, ते संगणकाच्या काळात आपण वापरत नाही.

यातून रीत अशी निघते. प्रत्येक मोठ्या खटल्यात अभियोग पक्षाने वीस-पंचवीस पानांचे एक टिपण आधी द्यावे. पैसा कुठून निघाला, कोणत्या तारखेला कोणत्या खात्यातून गेला, शेवटी कोणाच्या हाती पोहोचला. प्रत्येक ओळीसमोर मूळ कागदाचा क्रमांक असावा. शेवटी शब्दसूची असावी, म्हणजे 'लेटर ऑफ क्रेडिट' म्हणजे काय हे प्रत्येक साक्षीदाराला नव्याने सांगावे लागणार नाही. हे टिपण बचाव पक्षाला आधी मिळावे आणि ज्या ओळीवर त्यांचा आक्षेप असेल, तिथेच मूळ कागद उघडावा.

आरोपाचेही तसेच. अफरातफरीच्या आरोपात प्रत्येक रक्कम आणि प्रत्येक तारीख वेगवेगळी लिहावी लागत नाही. एका वर्षाच्या आतल्या दोन तारखांच्या दरम्यान एकूण इतकी रक्कम, एवढे म्हटले तरी चालते, हे जुन्या संहितेच्या कलम २१२ मध्येही होते आणि नवीतही आहे. २१,०४९ खाती एकेक करून सिद्ध करण्याची गरज नसते. त्यातली नीट निवडलेली चाळीस पक्की सिद्ध झाली तरी नमुना डोळ्यांसमोर उभा राहतो. आम्ही तपासणीत हेच करायचो. शंभर टक्के पडताळणी करणाऱ्या तपासनीसाचा अहवाल कधीच येत नाही.

चौथी विनंती : संगणकीय पुराव्याचा वाद पहिल्याच महिन्यात मिटवावा.

आजची खतावणी कागदावर नसते. जालन्याच्या एका निवडणूक याचिकेतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात जुलै २०२० मध्ये निर्णय झाला की संगणकीय नोंदीची प्रत द्यायची, तर सोबत प्रमाणपत्र लागतेच. नव्या साक्ष अधिनियमाने त्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे त्या फाइलचा न बदलता येणारा ठसा, आणि तज्ज्ञाची सही यांची भर घातली. हे योग्यच आहे. पण हे प्रमाणपत्र तपासात घेतलेच नव्हते, हे सातव्या वर्षी लक्षात आले, तर तोवर ती बँक विलीन झालेली असते, सर्व्हर भंगारात गेलेला असतो आणि सही करणारा अधिकारी परदेशी मुलाकडे राहायला गेलेला असतो. दोषारोपपत्र आले की पहिल्या तारखेला त्यातल्या प्रमाणपत्रांची यादी न्यायालयाने तपासावी. वाण्याकडे सामान घेतानासुद्धा आपण यादी पडताळतो.

पाचवी विनंती : एक न्यायाधीश, एक वेळापत्रक.

दोन व्यापाऱ्यांचे पैशांवरून भांडण झाले, तर २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्यात त्यांच्यासाठी वेळापत्रक आहे. कोणी केव्हा कागद द्यायचे, साक्षी कधी, युक्तिवाद कधी, हे न्यायाधीश पहिल्या बैठकीत ठरवून देतात आणि त्या बैठकीपासून सहा महिन्यांत युक्तिवाद संपावेत, अशी अपेक्षा आहे. त्याच व्यापाऱ्यांपैकी एकाने हजारो लोकांना फसवले, तर त्या खटल्याला असे वेळापत्रक नाही. त्याला मिळते 'तारीख'.

इंग्लंडने हा त्रास आधी भोगला आहे. रॉस्किल समितीने १९८६ मध्ये अहवाल दिला. मोठ्या फसवणुकीचे खटले सामान्य पद्धतीने चालवता येत नाहीत, असे तिचे म्हणणे होते. १९८७ च्या कायद्याने साक्षीआधीच्या तयारी-सुनावण्या आल्या. तरीही लंडनच्या ज्युबिली लाइन मेट्रोच्या कंत्राटांवरचा खटला एकवीस महिने चालून मार्च २००५ मध्ये निकालाविना कोसळला. त्याच महिन्यात तिथल्या सरन्यायाधीशांनी मोठ्या खटल्यांसाठी कार्यपद्धती घालून दिली. तीन महिन्यांपलीकडे जाणारा खटला हा अपवाद समजावा आणि खटल्यावर ताबा न्यायाधीशाचा असावा, असा तिचा आशय होता. तिथल्यासारखी ज्युरी आपल्याकडे नाही, हा खरे तर आपला फायदा. पण इथे न्यायाधीशच बदलतात. तीन वर्षांनी बदली झाली की नव्या न्यायाधीशांना जुनी साक्ष कागदावर वाचावी लागते. साक्षीदार प्रश्न ऐकून क्षणभर थबकला होता, हे कागदावर उमटत नाही.

जमते याचा दाखला घरचाच आहे. सत्यमचा घोटाळा ७ जानेवारी २००९ रोजी उघड झाला. हैदराबादेत त्यासाठी स्वतंत्र न्यायालय नेमले गेले, वेगवेगळी दोषारोपपत्रे एकत्र आली आणि ९ एप्रिल २०१५ रोजी निकाल लागला. सव्वासहा वर्षे ही काही अभिमानाची मुदत नव्हे, तरी एवढ्या पसाऱ्यात निकाल लागू शकतो, हे त्यातून दिसले.

म्हणून मागणी अशी : मोठ्या आर्थिक खटल्यात साक्षी सुरू झाल्या की संपेपर्यंत त्या न्यायाधीशांची बदली होऊ नये. त्यांच्यापुढचे किरकोळ काम काढून घ्यावे. आठवड्यातले तीन दिवस सलग त्या एका खटल्याला द्यावेत. नव्या संहितेत दोनपेक्षा जास्त तहकुबी नकोत असे म्हटले आहे. कोणी, कोणत्या कारणाने तहकुबी मागितली, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी न्यायालयाच्या संकेतस्थळावर यावा. रोजनाम्यात ते असतेच, पण रोजनामा बाहेरचा माणूस वाचत नाही.

सहावी विनंती : ठेवीदाराचे पैसे निकालाच्या खुंटीला टांगून ठेवू नयेत.

एका बुडीत समूहाची जमीन असते, आणि तिच्यावर एमपीआयडीखालचा सक्षम अधिकारी, मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली जप्ती आणणारे सक्तवसुली संचालनालय आणि दिवाळखोरी न्यायाधिकरणाने नेमलेला अधिकारी असे तिघे उभे असतात. प्रत्येकाचे न्यायालय वेगळे. ठेवीदाराने कोणाच्या दारात जायचे, हे त्याचा वकीलही ठामपणे सांगत नाही.

१९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतर संसदेने जो विशेष न्यायालयाचा कायदा केला, त्यात एक शहाणपण होते. उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायाधीश, फौजदारी आणि दिवाणी दोन्ही कामे एकाच छताखाली, मालमत्तेसाठी एकच कस्टोडियन. त्यात वेळापत्रक मात्र नव्हते. हर्षद मेहता ३१ डिसेंबर २००१ रोजी कोठडीत असताना वारला, तेव्हा त्याच्यावरचे बहुतेक खटले उभेच होते. ज्या मारुती उद्योग प्रकरणात १९९९ मध्ये त्याला शिक्षा झाली होती, त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय जानेवारी २००३ मध्ये आला. त्या कायद्यातले एक छत्र घ्यावे आणि त्याला वेळापत्रकाची जोड द्यावी. कायदा बदलणे आपल्या हातात नाही, हे मला माहीत आहे. पण एका समूहाच्या मालमत्तेबाबतचे अर्ज शक्य तिथे एकाच विशेष न्यायाधीशापुढे जावेत आणि वर त्यांची अपिले एकाच खंडपीठापुढे यावीत, एवढे प्रशासकीय आदेशाने होऊ शकेल असे वाटते.

आणि ठेवीदाराला कळू द्यावे. नव्या संहितेत तपासाची प्रगती नव्वद दिवसांत पीडिताला कळवण्याचे बंधन पोलिसांवर आहे. खटल्याची प्रगती कळवण्याचे बंधन कोणावर नाही. ठेवीदार घाटकोपर, बोरिवली, मुलुंडचे आणि विशेष न्यायालय फोर्टात. सत्तरीतला माणूस गुडघे सांभाळत लोकलमध्ये चढतो, काळ्या घोड्यापर्यंत चालतो, आणि दाराशी लावलेल्या बोर्डावर इंग्रजीतली एक ओळ वाचून परत येतो. दिंडोशीला सत्र न्यायालय आहे. अंधेरी, बोरिवली आणि मुलुंडला दंडाधिकाऱ्यांची न्यायालये आहेत. तिथे एकेक खोली, एक पडदा आणि दर महिन्याला मराठीत एक पानाचा गोषवारा, एवढे झाले तरी त्याचा हेलपाटा वाचेल. औपचारिक साक्षीही तिथूनच दूरदृश्य पद्धतीने घेता येतील. माझ्या सातपैकी पाच तारखा तरी मुलुंडातच आटोपल्या असत्या.

सातवी विनंती आरोपींसाठी आहे. ती वाचून माझे ठेवीदार मित्र रागावतील.

घोटाळ्यातले सारे आरोपी सारखे नसतात. समूहाचा मालक आणि वरिष्ठाने सांगितले म्हणून संगणकात नोंद केलेला कारकून एकाच दोषारोपपत्रात येतात. मालकाकडे वकिलांची फौज असते. कारकुनाला पंधरा वर्षे प्रत्येक तारखेला हजर राहावे लागते, नोकरी गेलेली असते, मुलीच्या लग्नाच्या बैठकीत ती गोष्ट निघते. त्याच्यासाठी खटला हीच शिक्षा. दोषमुक्तीच्या अर्जाला नव्या संहितेने साठ दिवसांची मुदत घातली आहे. त्या अर्जांचा निकालही तसाच वेळेत लागावा आणि ज्यांच्याविरुद्ध पुरावा नाही त्यांना तिथेच सोडून द्यावे. आरोपी कमी झाले की उलटतपासण्या कमी होतात.

दिल्लीच्या मद्य धोरण प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी उपमुख्यमंत्र्यांना जामीन दिला, तेव्हा ४९३ साक्षीदार आणि हजारो पाने या आकड्यांकडे बोट दाखवले होते. इतका खटला नजीकच्या काळात संपणार नाही, मग माणसाला किती दिवस आत ठेवायचे? प्रश्न रास्त होता. मात्र त्याचा उलटा अर्थही निघतो. ज्याला दोषी ठरायचे नाही, त्याला साक्षीदार जितके जास्त तितके बरे. जाड दोषारोपपत्राने अभियोग पक्षाचेच नुकसान होते, हे पोलिसांना कोणीतरी सांगायला हवे. 'इतक्या हजार पानांचे आरोपपत्र दाखल' ही बातमी वर्तमानपत्रांत मर्दुमकीसारखी छापली जाते.

दोष आमच्या बाजूलाही आहेत, ते लपवत नाही. फॉरेन्सिक ऑडिटचे अहवाल सहाशे पानांचे येतात, आणि 'असे दिसते', 'असे असू शकते' यांनी प्रत्येक वाक्याला मागचे दार ठेवलेले असते. साक्षीत आम्ही तपासनीस धंद्याची भाषा बोलतो. न्यायाधीशांना समजले नाही तर आम्हाला आतून बरे वाटते, कारण उलटतपासणी टळते. ही लबाडी आहे. आमच्या व्यवसायातल्या संस्थांनी मराठीत, साध्या शब्दांत साक्ष कशी द्यावी याचे धडे सुरू केले पाहिजेत. राज्याच्या न्यायिक अकादमीने उत्तनला न्यायाधीशांसाठी ताळेबंद वाचायचे वर्ग ठेवले, तर तिथे फुकट शिकवायला मी येईन. भाईंदरपर्यंत लोकल आणि पुढे बस, इतका प्रवास मला झेपतो.

महोदय, ठेव विम्याचा कायदा बदलायला वेळ लागला नाही. भांडुपच्या बँकेवर निर्बंध आले सप्टेंबर २०१९ मध्ये, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. २०२१ मध्ये ते पैसे नव्वद दिवसांत देण्याची दुरुस्ती झाली. लोकांचा आक्रोश ऐकून सरकार हलले. खटल्याच्या रीतीसाठी कोणी मोर्चा काढत नाही, कारण ती बंद दाराआड, हळूहळू, तारखेतारखेने दुखते.

ती बँक २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरची व्यक्तिगत ठेव टप्प्याटप्प्याने मिळणार आहे आणि मोठ्या ठेवींची शेवटची रक्कम दहा वर्षांनी, जानेवारी २०३२ मध्ये. त्या तारखेची वाट पाहणाऱ्यांत अनेक जण सत्तरी ओलांडलेले आहेत. पैशाच्या परतफेडीला निदान तारीख ठरवून मिळाली आहे. निकालालाही एक तारीख ठरवून द्यावी, आणि ती २०३२ च्या अलीकडची असावी, एवढे मागून हे पत्र संपवतो.

कळावे.

आपला नम्र,
मुलुंडचा एक निवृत्त बँक तपासनीस
(साक्षीदार क्रमांक १४)